थरगुड मार्शल यांचा वारसा कोणाचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी २७ जून १९९१ रोजी निवृत्तीचे पत्र राष्ट्राध्यक्षांकडे पाठविले, तेव्हा त्यांच्या वयाला त्र्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले होते. दृष्टी अधू झाली होती, कानांना नीट ऐकू येत नव्हते, हृदयविकाराचा झटका पूर्वीच येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी कारण विचारले. आपण म्हातारे झालो आहोत आणि शरीर खिळखिळे झाले आहे, एवढेच उत्तर त्यांनी दिले. पत्र ज्या दिवशी गेले त्याच दिवशी त्यांचे अखेरचे भिन्नमतही प्रसिद्ध झाले होते. अवघ्या काही वर्षांपूर्वीचे स्वतःचे निकाल न्यायालय फिरवीत आहे. या अवधीत कायदा बदललेला नाही, वस्तुस्थिती बदललेली नाही, बदलली आहेत ती फक्त न्यायासनावरील माणसे, असा त्या भिन्नमताचा रोख होता.

या गोष्टीला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही मार्शल यांचा वारसा नेमका कोणता आणि तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद तिकडे मिटलेला नाही. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत त्याची दखल घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण ज्या प्रश्नावर तो वाद आहे तो प्रश्न आपल्याही घरात आहे. संविधान वाचायचे कसे, हा तो प्रश्न.

मार्शल १९०८ साली बाल्टिमोर शहरात जन्मले. त्यांचे एक पणजोबा गुलाम होते. घराजवळच्या मेरीलँड विद्यापीठातील विधी महाविद्यालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, म्हणून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकले. आणि वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतच त्याच मेरीलँडची दारे त्यांनी न्यायालयाच्या आदेशाने उघडून घेतली. सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांनी ३२ खटले चालविले आणि त्यांतील २९ जिंकले. १७ मे १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल, ज्याने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, तो त्यांच्या युक्तिवादाचा सर्वांत मोठा विजय. १९६७ मध्ये ते न्यायमूर्ती झाले.

त्यांच्या आजारपणावरूनही कमी वाद झाले नाहीत. १९७० मध्ये ते न्यूमोनियाने रुग्णालयात असताना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांच्या प्रकृतीची कागदपत्रे मागविली, तेव्हा मार्शल यांनी त्या पाकिटावर ‘अद्याप नाही!’ असे लिहून ती पाठविली, असे सांगतात. जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्याला याहून चोख उत्तर कोणते? पण त्यांच्या बाजूच्या लोकांतही दोन तट होते. प्रकृती खालावत असताना, अनुकूल राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांनी वेळीच बाजूला व्हायला हवे होते, असे काही म्हणत. नेमणूक तहहयात आहे आणि ती आपण पूर्ण करणार, असे ते स्वतः म्हणत. शेवटी झाले ते असे : १९९१ मध्ये त्यांच्या जागी क्लॅरेन्स थॉमस यांची निवड झाली; तेही कृष्णवर्णीय, पण संविधानाच्या वाचनात मार्शल यांच्या अगदी उलट टोकाचे. २० जानेवारी १९९३ रोजी नव्या उपराष्ट्राध्यक्षांना शपथ देण्याचा मान मार्शल यांना मिळायचा होता; आजारामुळे ते जाऊ शकले नाहीत आणि चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले. दीड वर्ष ते तग धरून राहिले असते तर न्यायालयाचे चित्र वेगळे दिसले असते, हा हिशेब लोक अजूनही मांडतात. आम्हाला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. एका माणसाच्या श्वासावर कोट्यवधींचे हक्क टांगलेले असावेत हा व्यवस्थेचा दोष झाला. त्याची जबाबदारी रोग्यावर टाकणे बरे नव्हे.

मोठा वाद आहे तो वाचनाचा. १९८७ साली अमेरिका आपल्या संविधानाची द्विशताब्दी थाटामाटात साजरी करीत होती. त्या वर्षी मे महिन्यात हवाई बेटांवर दिलेल्या एका व्याख्यानात मार्शल यांनी या उत्सवात मिठाचा खडा टाकला. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या घटनाकारांचे शहाणपण आपल्याला विशेष थोर वाटत नाही, कारण त्यांनी उभी केलेली शासनव्यवस्था मुळातच सदोष होती. गुलामांना तिने माणूस म्हणून मोजले नाही, स्त्रियांना मत दिले नाही. ती सुधारायला अनेक दुरुस्त्या, एक यादवी युद्ध आणि फार मोठे सामाजिक परिवर्तन लागले, असे ते म्हणाले. श्रेय द्यायचेच तर ते ‘स्वातंत्र्य’, ‘न्याय’ आणि ‘समता’ या शब्दांचे जुने अर्थ मान्य करण्यास ज्यांनी नकार दिला त्यांना द्या, असा त्यांचा आग्रह होता.

याच्या विरुद्ध बाजू मूलार्थवाद्यांची. शब्द लिहिले गेले तेव्हा त्यांचा जो अर्थ लोकांना कळत होता तोच न्यायाधीशाने लागू करावा, बदल हवा असेल तर लोकप्रतिनिधींनी दुरुस्ती करावी, असे ते म्हणतात. ही बाजू मूर्खपणाची नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. न्यायाधीश निवडून येत नाहीत. आज चांगल्या हेतूने शब्द ताणला तर उद्या वाईट हेतूचा माणूसही तो ताणील. मार्शल यांचे टीकाकार तर त्यांच्याच अखेरच्या भिन्नमताकडे बोट दाखवितात : आयुष्यभर जुना निकाल उलथविण्यासाठी झटलेला माणूस निवृत्तीच्या दिवशी जुन्या निकालांना चिकटून कसा राहिला? आम्हाला यात विसंगती दिसत नाही. ‘वेगळे पण समान’ या १८९६ च्या सूत्राने अठ्ठावन्न वर्षे काय केले याचा पुरावा घेऊन मार्शल न्यायालयात उभे राहिले होते. १९९१ मध्ये असा कोणताही नवा पुरावा कोणी आणलेला नव्हता.

मार्शल कसे वाचत होते ते समजण्यासाठी त्यांच्या गाजलेल्या निकालांपेक्षा १९७३ मधले एक छोटे प्रकरण आम्हाला अधिक उपयोगी वाटते. रॉबर्ट क्रास नावाचा एक बेरोजगार मनुष्य दिवाळखोरीचा अर्ज करू पाहत होता. अर्जाचे शुल्क पन्नास डॉलर. ते भरण्याची ऐपत नाही म्हणून माफी मिळावी, एवढीच त्याची मागणी. पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली गेली. बहुमताने लिहिले की हप्त्यांनी भरायचे म्हटले तर आठवड्याला येणारी रक्कम एका सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी, सिगारेटच्या एक-दोन पाकिटांएवढी आहे. मार्शल यांनी उत्तर दिले : ज्यांनी गरिबांबरोबर दिवस काढलेले नाहीत त्यांना हे कळणार नाही की कित्येक घरांत सिगारेट ही चैन असते आणि सिनेमा कधीच पाहिला जात नाही. संविधानाचा अर्थ काय यावर सज्जनांत मतभेद होऊ शकतात, पण लोक कसे जगतात याबद्दलच्या निराधार समजुतींवर तो अर्थ उभा करणे लाजिरवाणे आहे. ज्यांच्या घरी वसतिगृहाची अनामत भरण्यासाठी शेळी विकावी लागते, त्या आपल्या पालकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तीच दृष्टी १९७८ च्या बाके खटल्यात दिसते. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने शंभर जागांपैकी सोळा जागा वंचित अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या होत्या. न्यायालयाने ती योजना रद्द ठरविली. मार्शल यांनी स्वतंत्र मतपत्रात गुलामगिरीपासूनचा सारा इतिहास मांडला आणि म्हटले की जे संविधान दोनशे वर्षे, त्याचा अर्थ जसा लावला गेला त्यानुसार, पक्षपाताच्या अत्यंत कल्पक प्रकारांना आडवे आले नाही, तेच आता त्या पक्षपाताचे परिणाम पुसण्याच्या आड येते, हे आपल्याला पटत नाही.

वारसा कोणाचा हा प्रश्न अवघड होतो तो येथे. कारण मार्शल यांचे विरोधकही मार्शल यांनाच साक्षीला बोलावतात. त्यांना तसे करता येते, हे मान्य करावे लागेल. तरुण वकील मार्शल यांचा आवडता ग्रंथ म्हणजे १८९६ च्या निकालातील न्यायमूर्ती हार्लन यांचे एकाकी भिन्नमत. निराशेच्या वेळी ते त्यातील उतारे मोठ्याने वाचीत, अशी आठवण त्यांच्या सहकारी वकील कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी सांगितली आहे. आपले संविधान वर्णाकडे पाहत नाही, हे त्या भिन्नमताचे प्रसिद्ध सूत्र. (त्याच भिन्नमतात चिनी लोकांविषयी अत्यंत हीन मजकूर आहे, हे मात्र सूत्र सांगणारे सहसा सांगत नाहीत.) स्वतः मार्शल यांनीही १९४० नंतरच्या दशकात न्यायालयापुढे असे मांडले होते की वर्णावर आधारलेल्या कोणत्याही वर्गवारीला नैतिक वा कायदेशीर आधार नाही. मग २००७ मध्ये शाळांतील वर्णसमतोलाच्या योजना रद्द करताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ब्राउन खटल्यातील वकिलांचेच युक्तिवाद उद्धृत केले. २९ जून २०२३ रोजी विद्यापीठ प्रवेशांतील वर्णाचा विचार न्यायालयाने जवळजवळ संपविला, तेव्हाही ब्राउनचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला. थॉमस यांनी एका अर्थाने, भिन्नमत देणाऱ्या सोटोमायॉर आणि जॅक्सन यांनी दुसऱ्या.

२००७ साली मार्शल हयात नव्हते. पण ज्यांचे शब्द उद्धृत झाले ते त्यांचे सहकारी रॉबर्ट कार्टर हयात होते. ते म्हणाले की त्या काळी वर्णाचा उपयोग कृष्णवर्णीयांना समान संधी नाकारण्यासाठीच होत होता. आमचा युक्तिवाद आता असा वापरणे म्हणजे तो डोक्यावर उभा करणे होय. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटते. वाक्य कोणत्या भिंतीवर घाव घालण्यासाठी उच्चारले गेले ते झाकून वाक्य तेवढे उचलले, तर अक्षरे तीच राहतात आणि अर्थ गळून पडतो. आपल्याकडेही हेच घडते. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी, राखीव जागा अल्पसंख्य प्रमाणातच असाव्यात, असे म्हटले होते. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेला त्याच भाषणाचा आधार दिला गेला. त्याच भाषणात, ज्यांना राज्यकारभारात आजवर शिरकावच मिळाला नाही त्यांच्या मागणीला त्यांनी दिलेले महत्त्व किती जण वाचतात?

धम्माच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. महापरिनिब्बान सुत्तात आजारी, वृद्ध तथागत आनंदाला सांगतात की माझ्यामागे संघाला वाटल्यास त्याने क्षुद्र, किरकोळ नियम काढून टाकावेत. किरकोळ कोणते, हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्खूंचे त्यावर एकमत होईना; तेव्हा महाकश्यपांनी ठराव मांडला की काही काढूही नये आणि काही वाढवूही नये. न विचारल्याबद्दल आनंदाला दोष लागला. शास्त्याने स्वतः दिलेली मुभा शिष्यांनी भीतीपोटी, किंवा म्हणा सावधगिरीपोटी, वापरली नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी वैशालीत दहा बाबींवर पुन्हा वाद झालाच.

बाबासाहेब आणि मार्शल यांची नावे आपल्याकडे एका दमात घेतली जातात, तेव्हा एक मोठा भेद निसटतो. मार्शल यांच्या हाती आले ते दुसऱ्यांनी लिहिलेले, गुलामगिरीशी तडजोड केलेले संविधान. त्यातून न्याय काढायचा तर न्यायाधीशाच्या वाचनावर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाबासाहेबांना लिहिण्याची संधी मिळाली आणि त्यांनी न्यायाधीशांच्या सहृदयतेवर भार टाकला नाही. अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे अनुच्छेद १७ मध्ये लिहून ठेवले. नोकऱ्यांतील आरक्षण अनुच्छेद १६ मध्ये लिहून ठेवले. १९५१ मध्ये मद्रासच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शब्दाला धरून शिक्षणातील राखीव जागा रद्द केल्या, तेव्हा कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत त्या निकालावर स्पष्ट नाराजी व्यक्त केली आणि पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले. तेव्हा ‘संविधान जिवंत आहे’ ही घोषणा आपली आणि ‘शब्द पाळा’ ही विरोधकांची, अशी सोपी वाटणी आपल्या देशात तरी होत नाही. दुर्बळाला कधी शब्दाचाच आधार असतो, तर कधी शब्दच त्याच्या आड येतो.

आड आल्याचा अनुभव आपल्या समाजाहून अधिक कोणाला आहे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू धर्माचा असावा अशी अट होती. १९५६ मध्ये तीत शीख आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकुसाबाहेरचे घर तेच राहिले, पाणवठा तोच राहिला, पण केंद्राच्या दृष्टीने माणूस यादीबाहेर गेला. नागपूरकडील एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराची निवड, त्याने बौद्ध धम्म स्वीकारला आहे या कारणावरून, १९६० नंतरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत वादात गेली आणि न्यायालयाने आदेशाचा शब्द धरला. बौद्धांचा समावेश करणारी दुरुस्ती यायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! आमच्या पहिल्या पिढीतील कित्येक पालकांची उमेदीची वर्षे त्यात गेली.

म्हणूनच १ ऑगस्ट २०२४ च्या निकालानंतर आपल्या समाजात झालेल्या चर्चेतील एक सूर आम्हाला खटकतो. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी तर उन्नत स्तर वगळण्याचाही विचार मांडला. घराघरांत मते दुभंगली. विरोधाची काही कारणे वजनदार आहेत : जातनिहाय विश्वसनीय माहिती कोठे आहे, रिक्त जागा भरल्याच जात नसतील तर वाटणी कशाची, फूट पाडण्याचा हेतू नाही याची हमी कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे सरकारांनी दिलीच पाहिजेत. पण ‘यादी एक आहे, म्हणून यादीतील सर्व एक आहेत’ एवढ्यावर जो थांबतो, तो क्रासच्या अर्जावर सिनेमाच्या तिकिटाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो, असे आमचे मत आहे. आमच्या वसतिगृहात शेजारच्या पलंगावर झोपणारा मुलगा कोणत्या घरातून आला आहे, त्याच्या आधी त्या घरातून कोणी शाळेत गेले होते का, हे विचारल्याशिवाय समतेच्या कलमाचा अर्थ पुरा होत नाही. या मतावर रागावणारे माजी विद्यार्थी आम्हाला ठाऊक आहेत. त्यांनी रागवावे, आणि पुढील अंकात लिहावे.

मार्शल यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. १९६० साली केनियाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी आफ्रिकी नेत्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला गेले आणि नव्या देशासाठी मूलभूत हक्कांचा मसुदा त्यांनी तयार केला. त्यात त्यांनी अल्पसंख्यांच्या मालमत्तेला संरक्षण ठेवले. ते अल्पसंख्य म्हणजे कालपर्यंत राज्य करणारे गोरे, आणि तेथे स्थायिक झालेले आपले हिंदी व्यापारी. आपले लोक सत्तेवर येत असताना दुसऱ्यांचे हक्क लिहून ठेवायला जे मन लागते, ते सूत्रांच्या पाठांतराने येत नाही.

त्यांच्या निधनानंतरही एक वाद झाला. आपले न्यायालयीन कागद त्यांनी काँग्रेस ग्रंथालयाला दिले होते; मृत्यूनंतर काही महिन्यांतच ते अभ्यासकांना खुले झाले आणि सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी संतापून ग्रंथपालांना पत्र लिहिले. न्यायाधीशांच्या बंद खोलीतील चर्चा इतक्या लवकर उघड व्हावी हे त्यांना अनुचित वाटले. ग्रंथालय देणगीपत्राला धरून राहिले. रेनक्विस्ट यांचा आक्षेप पूर्णतः निराधार नव्हता. पण कागद खुले झाले म्हणूनच मार्शल यांचे स्तुतिपाठक आणि निंदक दोघांनाही पुराव्याने बोलणे भाग पडले. त्यांच्याशी नेहमीच सहमत नसलेल्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी तर १९९२ मध्येच लिहिले होते की मार्शल बैठकींत सांगत त्या गोष्टींनी आपली दृष्टी बदलली. दक्षिणेकडील न्यायालयांच्या, जमावांच्या, फाशीच्या सावलीतील आरोपींच्या त्या गोष्टी होत्या. ज्या खोलीत मते बनतात तेथे असा साक्षीदार बसलेला असणे म्हणजे काय, हे यावरून कळते.

आमच्या ग्रंथालयात मार्शल यांच्याविषयी मराठीत जवळजवळ काही नाही. वकिलीत स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती. क्रास खटल्यातील भिन्नमत लहान आहे. बाके खटल्यातील मतपत्रही फार मोठे नाही. दोन्हींचा सोप्या मराठीत अनुवाद करून पाठवा, आणि त्यांच्याबरोबर थॉमस यांच्या २०२३ च्या मतपत्रातील निवडक भागही पाठवा. येत्या संविधान दिनी नववी-दहावीची मुले दोन्ही बाजू वाचून वादविवादात उतरतील. कोणी कोणत्या बाजूने बोलायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरेल.